म्हाताऱ्याचे आठ खंड

"तारीख घाल. अकरा नोव्हेंबर एकोणीसशे साठ," रावसाहेब म्हणाले.

मी मशीनवरचे हात उचलले. "रावसाहेब, हे चौऱ्याहत्तर साल आहे."

"साल मला कळतं. तू तारीख घाल."

त्यांनी पुढे सरकवलेला कागद कोरा होता, पण नवा नव्हता. वर नगरपालिकेचं नाव, खाली 'अध्यक्षांचे कार्यालय' असं छापलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. अध्यक्षपद सुटलं तेव्हा घरी आणलेल्या गठ्ठ्यातला तो कागद होता. मी तो मशीनमध्ये चढवला आणि सांगितलेली तारीख घातली. हुकूम झाला की बोटं आपोआप चालतात, टायपिंगच्या क्लासात तेवढंच तर शिकवतात.

"लिही. 'वाचनालय समितीस. ग्रंथपाल श्री. श्रीपती बाळा कासार यांच्यावर ठेवलेला ठपका मला मान्य नाही. ते अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत. आठ ग्रंथ सापडत नाहीत एवढ्यावरून त्यांना कामावरून कमी करण्यास माझा ठाम विरोध आहे.' झालं?"

झालं नव्हतं. माझी बोटं 'कासार'पाशीच थांबली होती. श्रीपती बाळा कासार म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा.

मी नऊ वर्षांची असताना अण्णांची वाचनालयातली नोकरी गेली. आठ पुस्तकं नाहीशी झाली, आणि ती ग्रंथपालानेच विकली असा गावाने निकाल लावून टाकला. शाळेत कुणाची पाटी सापडेनाशी झाली की पोरं ओरडायची, "कासारणीच्या दप्तरात बघा!" आई आधीच गेलेली. अण्णा कापडाच्या दुकानात मीटरने कापड मोजत उभे राहू लागले, आणि त्या विषयावर चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. पुस्तकं कुठली होती तेसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारलं की ते उठून अंगणात जायचे.

आणि मी टायपिंगची परीक्षा पास झाल्याचं कळल्यावर खुद्द रावसाहेब पोतनिसांनी निरोप पाठवला, की मुलीला माझ्याकडे कामाला पाठवा. बारा वर्षं गावचं अध्यक्षपद भोगलेला, तालुक्यातला सगळ्यात मोठा वकील. मला वाटलं, देवमाणूस आहे. अण्णा म्हणाले, "जा. काम शिकशील."

काम होतं रावसाहेबांचे कागद लावण्याचं. आता याला कारण एक अमेरिकन म्हातारा. अमेरिकेचं राज्य नुकतंच उभं राहत होतं तेव्हाचा हा मुत्सद्दी. त्याची पत्रं, भाषणं, टिपणं असे सगळे कागद विद्वानांनी आठ जाडजूड खंडांत छापले होते आणि ते हिरव्या बांधणीचे खंड रावसाहेबांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर, काचेच्या कपाटात होते. रोज सकाळी चहाबरोबर दहा पानं. म्हाताऱ्याने जावयाला काय लिहिलं, शेजाऱ्याला कलमं कशी पाठवली, विरोधकाला कसं गोड बोलून गप्प बसवलं, ते रावसाहेब आम्हाला जेवताना ऐकवायचे. त्यांच्या पत्नी, माई, त्या खंडांना 'माझी अमेरिकन सवत' म्हणायच्या.

रावसाहेबांच्या मनाने घेतलं होतं की आपलेही कागद एक दिवस असेच छापले जाणार. म्हणून त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पत्राची नक्कल ठेवली होती. दूधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीचीसुद्धा. आता दिवाळीनंतर पुण्याचे एक प्राध्यापक जिल्ह्यातल्या सार्वजनिक कार्यकर्त्यांवर पुस्तक लिहिण्यासाठी हे कागद बघायला येणार होते, आणि म्हाताऱ्याच्या खंडांसारखेच ते सालवार, क्रमांक घालून, प्रत्येक पत्राखाली टीप देऊन मी लावायचे होते. टिपा कशा लिहायच्या ते कळावं म्हणून त्यांनी मला खंडांतल्या टिपा वाचायला लावल्या होत्या. माझं इंग्रजी बेताचं, पण टिपांची भाषा सोपी असते.

"रजनी, रडतेस की काय?" रावसाहेब म्हणाले. "अगं, या पत्रानं तुझ्या वडिलांचं नाव साफ होईल. प्राध्यापक छापतील ते. पुस्तकात छापलेलं गाव मानतं."

मी खरंच रडत होते. "तुम्ही तेव्हा त्यांची बाजू घेतली होती?"

"मनातून घेतलीच होती. कागदावर राहून गेलं." त्यांनी साठ सालच्या फायलीतून एक पातळ नक्कल काढून माझ्यापुढे टाकली. "ही त्या वेळची. हिच्या जागी नवीन लाव, आणि ही बंबात टाक. मी आंघोळीला जातो."

ते गेले आणि मी ती नक्कल वाचली. 'ग्रंथपालांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे पुढील आठ ग्रंथ नाहीसे झाले असून त्यांना तत्काळ कमी करावे,' आणि खाली सही रावसाहेबांचीच. ग्रंथांची यादीही होती. खंड पहिला ते खंड आठवा, आणि वर म्हाताऱ्याचं नाव.

मी मान वर केली. काचेच्या कपाटात हिरव्या बांधणीचे आठ खंड उभे होते.

असं एकदम कुणाबद्दल वाईट मनात आणू नये, असं मी स्वतःला बजावलं. रावसाहेबांनी ते विकतही आणले असतील. पण मी ग्रंथपालाची मुलगी. वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, चोरालाही. म्हणून प्रत्येक वाचनालय आणखी एक पान ठरवून ठेवतं आणि तिथेही शिक्का मारतं. त्याला गुप्त पान म्हणतात आणि ते ग्रंथपालाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. आमच्या वाचनालयाचं एकसष्टावं. मी लहान असताना अण्णा मला मांडीवर घेऊन नवीन पुस्तकाचं एकसष्टावं पान काढायला लावायचे आणि शिक्का माझ्या हाताने मारून घ्यायचे.

मी पहिला खंड काढला. पहिल्या पानावर रावसाहेबांच्या नावाची छापील चिठ्ठी व्यवस्थित चिकटवली होती. एकसष्टावं पान काढलं. जांभळा गोल शिक्का जरा वाकडा उमटला होता आणि त्याखाली अण्णांच्या बारीक अक्षरात दाखल क्रमांक होता. दुसरा खंड काढला. तिसरा काढला.

"काय शोधतेस गं?" माई दारात उभ्या होत्या.

मी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी शिक्का वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "चौदा वर्षं मी यांची धूळ पुसते," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत आत निघून गेल्या.

त्या दिवशी मी डोकं दुखतंय सांगून घरी आले. नक्कल बंबात टाकली नव्हती, माझ्या पिशवीत होती. संध्याकाळी अण्णा दुकानातून आले आणि पिठलं करायला बसले. स्वयंपाक तेच करायचे.

"अण्णा, ती पुस्तकं रावसाहेबांकडे आहेत."

पळी थांबली नाही. "असतील. त्यांनाच दिली होती."

"कुणी?"

"मीच. शिपायाच्या सायकलीवर दोरीनं बांधून दिली. मुंबईच्या अमेरिकन कचेरीनं भेट पाठवलेली पुस्तकं. गावात ती वाचणारा दुसरा होता कोण? मला आनंद झाला होता, कुणीतरी वाचतंय म्हणून."

"मग नोंद?"

"सभासदाला एका वेळी एक पुस्तक, असा नियम. अध्यक्ष तर सभासदसुद्धा नव्हते. त्यांना वर्गणी भरा म्हणायचं कुणी? म्हटलं, आठवड्यात येतील परत."

"आणि मोजणी झाली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?"

अण्णांनी पिठलं उतरवलं. "त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला होता. मला घरी बोलावून घेतलं. म्हणाले, 'श्रीपतराव, दोन महिने तोंड उघडू नका. वाचनालयाचा माल घरी नेला म्हणून लोक मला फाडून खातील. ठराव पडू दे, मग पुस्तकंही परत आणि तुम्हीही परत.'"

"मग?"

"ठराव पडला," अण्णा म्हणाले आणि ताटं घेतली.

माझा संताप संताप झाला. मी त्यांना नव्या पत्राचं सांगितलं, जुनी नक्कल दाखवली. त्यांनी ती चष्मा न लावताच परत दिली. पाठच असावी.

"अण्णा, नवीन पत्र खोटं आहे, पण त्यानं तुमचं नाव साफ होईल. मी काय करू?"

"मी सांगायचा नाही. एकदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून वागलो, तेवढं पुरे झालं." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझी चूकच झाली, रजू. पण तू समजतेस ती नव्हे."

मला वाटलं, नोंद न करता पुस्तकं दिली, तेच ते म्हणताहेत. मी पुढे विचारलं नाही. ताटातलं पिठलं कसंबसं संपवलं.

रात्रभर विचार केला असं मी म्हणणार नाही, मी झोपले. पण सकाळी चालत जाताना माझं ठरलं होतं. रावसाहेब चहा घेत होते. मी कपाट उघडलं, सहावा खंड काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. टिपा वाचताना मला त्यात एक टीप सापडली होती. म्हाताऱ्याने उतारवयात आपली जुनी पत्रं लोकांकडून परत मागवली होती आणि एका पत्रात, आपण तेव्हाच किती दूरचं बघितलं होतं ते दिसावं म्हणून, एक ओळ मागाहून घातली होती. विद्वानांनी ते शाईवरून ओळखलं. वर पत्र छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरात सगळी कबुली. त्या टिपेच्या बाजूला पेन्सिलीची रेघ होती. रावसाहेबांनी ती वाचलेली होती.

"रावसाहेब, कालचं पत्र मी पुरं करते. पण खाली टीप घालायची. अशी." मी खंडावर बोट ठेवलं.

"कसली टीप?"

मी घरून लिहून आणलेला कागद वाचला. "'हे पत्र एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली टाइप केले आहे. मूळ नक्कल निराळी असून सोबत जोडली आहे. त्या वेळी आठही खंड अध्यक्षांच्या घरी होते.'"

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते चक्क हसले. "वकील व्हायला हवी होतीस. हे बघ, म्हातारा पकडला गेला, कारण त्यानं शाई बदलली. आपलं मशीन तेच, कागद तोच, सही माझी. कोण पकडणार?"

"मी," मी म्हटलं. "टाइप करणारी मीच आहे ना."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी तुझ्या बापाचं भलं करायला निघालो होतो."

"त्या पत्रात चांगले तुम्ही दिसता, रावसाहेब. अण्णा नुसते बिचारे दिसतात." "एवढ्या मोठ्या माणसाचे आठ खंड निघाले, तरी ती टीप काही त्याला चुकली नाही. तुमची मी कशी चुकवू? एकसष्टावं पान बघा."

त्यांनी पान उलटलं. शिक्का बघितला. गुप्त पानाची गोष्ट बारा वर्षं अध्यक्ष असलेल्या माणसाला माहीत नव्हती. शिक्क्यावर अंगठा फिरवून त्यांनी चष्मा काढला आणि खंड मिटला.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

मी जुनी नक्कल साठ सालच्या फायलीत जागच्या जागी लावली आणि निघाले. रस्त्यात मला भीती वाटली. आपण फार शहाणपणा केला, हातची नोकरी घालवली आणि अण्णांच्या पदरात काहीच पडलं नाही. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच. घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

आठ-नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास वाचनालयाचा शिपाई आमच्या दारात आला. "श्रीपतअण्णा, ग्रंथपालबाईंनी बोलावलंय. लगेच या म्हणाल्या. पोतनीसवकील आलेत."

अण्णांनी दुकानात निरोप धाडला, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. मी मागोमाग गेले. वाचनालयाच्या पायऱ्या ते चौदा वर्षांनी चढत होते. शेवटच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या. तिथे कुणीच काढत नसत.

आत वर्तमानपत्रं वाचणारी नेहमीची दहा-बारा म्हातारी मंडळी होती आणि सगळ्यांची वर्तमानपत्रं खाली आली होती. मधल्या टेबलावर आठ हिरवे खंड होते. शेजारी काळा कोट घालून रावसाहेब उभे. सरनाईकबाई, तिथल्या नव्या ग्रंथपाल, काय करावं न कळून किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत होत्या.

"श्रीपतराव," रावसाहेब म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कोर्टातल्या आवाजात, "ही पुस्तकं माझ्या घरी होती. तुम्ही दिलीत त्या दिवसापासून. तपासून घ्या."

कुणीतरी खोकलं. अण्णा पुढे झाले, खुर्चीवर बसले आणि पहिला खंड उघडला. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. त्यांनी बांधणी बघितली, पानं निसटली आहेत का बघितलं, एकसष्टावं पान बघितलं. मग दुसरा खंड. असा अर्धा तास गेला. सहाव्या खंडाशी ते थांबले.

"पहिल्या खंडापासून पेन्सिलीच्या खुणा आहेत."

"माझ्या आहेत," रावसाहेब म्हणाले.

"खुणा केलेलं पुस्तक परत घेत नाहीत. खोडून द्यावं लागतं."

सरनाईकबाई घाईने म्हणाल्या, "अहो, राहू द्या काका, मी नंतर..."

"नियम आहे, बाई," अण्णा म्हणाले.

रावसाहेबांनी अण्णांकडे बघितलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाईंकडून रबर मागून घेतलं आणि समोर बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस आठ खंडांतल्या खुणा खोडत दीड तास बसला. अण्णा एकेक पान उलटून देत होते, रबराचा चुरा हाताने झटकत होते. मध्येच अण्णांनी विचारलं, "कसा होता हो हा माणूस?" आणि रावसाहेब न थांबता म्हणाले, "मोठा होता. स्वतःला जरा जास्तच मोठा समजत होता." दोघेही हसले. चौदा वर्षांचा राग माझ्या एकटीच्याच पोटात राहिला होता, आणि त्या दोघांना हसताना बघून मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

शेवटचा खंड मिटल्यावर रावसाहेबांनी कोट घातला. माझ्याजवळ थांबून म्हणाले, "नुसतं टिपेत जाण्यापेक्षा आधी इथं आलेलं बरं, असं वाटलं. उद्या कामावर ये. जुन्या नकलेखाली तुझी टीप लावून टाक." आणि पायऱ्या उतरून गेले. दुपारपर्यंत ही बातमी बाजारभर झाली हे सांगायला नकोच.

मंडळी अण्णांभोवती जमली. "श्रीपतराव, सुटलात बुवा," असं एकजण म्हणाला. अण्णांचं लक्ष नव्हतं.

"बाई, साठ सालची दाखल नोंदवही आहे का?"

सरनाईकबाईंनी मागच्या खोलीतून ती आणली. मोठी, कापडी पाठीची, वाळवीने कोपरा खाल्लेली. अण्णांनी बरोबर पान काढलं. आठ ओळी, आठ खंड, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेलं 'गहाळ'. आठ वेळा. मी वाकून बघितलं. ते अक्षर अण्णांचं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"कामाचा शेवटचा दिवस होता. नोंद पुरी करून जा म्हणाले." अण्णा त्या रकान्याकडे बघत होते. "लोकांनी चोर म्हटलं, त्याचं मला एवढं नव्हतं गं. मी चोर नव्हतो, ते मला माहीत होतं. पण पुस्तकं कुठं आहेत तेही माहीत होतं, आणि तरी हे लिहिलं. बावीस वर्षांत एवढी एकच नोंद खोटी केली."

त्यांनी लाल शाई मागितली. पट्टी ठेवून एकेका 'गहाळ'वर सरळ रेघ ओढली. आठ रेघा. मग समोर लिहू लागले.

सरनाईकबाई हळूच म्हणाल्या, "काका, 'परत आली' असं लिहा ना. तशी पद्धत आहे."

"परत तर आली," अण्णा म्हणाले. पण त्यांनी लिहिलं, 'गहाळ नव्हती', आठ वेळा, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "रजू, आज तारीख काय?"

मी तारीख सांगितली. त्यांनी ती घातली आणि खाली सही केली.